जुन्या कॉमिक्सचा संग्रह कसा पारखावा: मालकीचा इतिहास आणि प्रतींची अवस्था

कोल्हापुरातल्या पेठांमधली जुनी घरे उतरवून त्या जागी अपार्टमेंट उभी राहू लागल्यापासून माळ्यावरच्या ट्रंकाही खाली येऊ लागल्या आहेत. त्यांतून दिवाळी अंक, चांदोबा आणि शाळेच्या वह्या यांच्याबरोबर इंद्रजाल कॉमिक्सचे आणि अमर चित्र कथांचे गठ्ठेही बाहेर पडतात. यांतले पुष्कळसे किलोच्या भावाने रद्दीत जातात. जे थोडे जाणत्या माणसाच्या हाती लागतात, त्यांचेही पहिल्या अर्ध्या तासात मोठे नुकसान होते, कारण उत्साहाच्या भरात सुतळी कापली जाते, धूळ झटकली जाते, अंक क्रमाने लावले जातात आणि फाटक्या प्रती वेगळ्या काढल्या जातात. गठ्ठा ज्या स्थितीत सापडला ती स्थिती हाच त्या संग्रहाचा पहिला दस्तऐवज असतो आणि तो एकदा विस्कटला की पुन्हा तयार करता येत नाही, एवढी एक गोष्ट वाचकाने मनावर घेतली तरी या लेखाचे निम्मे काम झाले असे मी समजेन.

या क्षेत्रात ज्या संग्रहाकडे मानदंड म्हणून पाहिले जाते तो अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातील एडगर चर्च यांचा. ‘माइल हाय’ या नावानेही तो प्रसिद्ध आहे. चर्च हे व्यावसायिक चित्रकार होते. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९५० च्या दशकापर्यंत त्यांनी अंक नवे असतानाच विकत घेतले आणि घराच्या तळघरात उंच थप्प्या लावून ठेवून दिले. १९७७ मध्ये चक रोझान्स्की या तरुण विक्रेत्याने तो साठा विकत घेतला, तेव्हा त्यात अठरा ते बावीस हजार अंक होते, आणि सुपरमॅनचे पहिले दर्शन घडवणारा १९३८ सालचा ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंकही त्यांत होता. चाळीस वर्षांपर्यंत जुन्या, स्वस्त कागदावरचे अंक काल छापल्यासारखे पांढरे आणि चकचकीत निघाले, याचे कारण त्या जागेत होते. चर्च यांचे घर होते तो डेन्व्हर शहराचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंच आहे आणि तिथली हवा कोरडी आहे. तळघरात अंधार आणि गारवा होता. शिवाय थप्प्यांच्या वजनाने अंक एकमेकांवर घट्ट दाबले गेल्यामुळे पानांमध्ये हवा फारशी शिरलीच नाही.

त्या संग्रहातल्या प्रतीला तितक्याच चांगल्या दुसऱ्या प्रतीपेक्षा जास्त किंमत मिळते. मालक एकच, खरेदी नव्या अंकाची आणि साठवणीची जागाही एकच, हे सारे ठाऊक असल्यामुळे प्रत इतकी चांगली का राहिली याचा उलगडा होतो. आणि प्रत इतकी चांगली असल्यामुळे सांगितलेला इतिहास खरा असल्याचीही खात्री पटते. नेब्रास्कातल्या वॉसा या छोट्या गावच्या लॅमाँट लार्सन यांच्या संग्रहाची गोष्ट याहून वेगळी आहे. गावातल्या औषधाच्या दुकानात त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या अंकांच्या मुखपृष्ठावर पेन्सिलीने त्यांचे नाव लिहिले जात असे. एरवी जो दोष मानला गेला असता, ती पेन्सिलीची खूणच आज त्या प्रतींचा पुरावा झाली आहे. जुन्या अंकावरचे नाव खोडरबराने पुसण्याचा मोह होईल तेव्हा लार्सन यांची आठवण जरूर ठेवावी.

कोल्हापुरात मात्र या सर्व अनुकूल गोष्टी उलट्या होतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत ओल असते, जुन्या मातीच्या आणि दगडी भिंती पाणी ओढतात, आणि पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी ओलांडू लागली की निम्मे शहर त्या आकड्यांकडे डोळे लावून बसते. म्हणून इथे कोणी एखादी पांढरीशुभ्र प्रत दाखवून ‘पन्नास वर्षे आमच्या वाड्यातच होती’ असे सांगितले, तर आनंद मानण्याआधी ती वाड्यात नेमकी कुठे होती, कशात होती आणि ओलीपासून कशी वाचली हे विचारलेच पाहिजे. उत्तर समाधानकारक असेल तर प्रतीचे मोल वाढेल. नसेल तर ती प्रत दुसरीकडून आलेली असण्याची, किंवा नंतरचे पुनर्मुद्रण असण्याची शक्यता गृहीत धरावी.

गठ्ठा सोडण्यापूर्वी

पहिले काम छायाचित्रांचे. गठ्ठा, ट्रंक किंवा पोते जागेवर असतानाच चारही बाजूंनी फोटो घ्यावेत. भोवतीची भिंत, फळी आणि शेजारच्या वस्तूही फोटोत याव्यात. अंक वर्तमानपत्रात गुंडाळलेले असतील तर ते वर्तमानपत्र टाकून देऊ नये. ‘पुढारी’च्या अंकावरची तारीख सांगते की गठ्ठा त्या तारखेनंतरच बांधला गेला आहे; पुराव्याचा इतका स्वस्त आणि पक्का तुकडा दुसरा नाही. ट्रंकेच्या तळाला घातलेला कागद, दुकानाची पिशवी, अंकात खूण म्हणून ठेवलेले एसटीचे तिकीट यांनाही हाच नियम लागू होतो. प्रत्येक वस्तू ज्या अंकात सापडली त्याचा क्रमांक लिहून ती वेगळ्या पाकिटात ठेवावी.

त्यानंतर अंक वरून खाली, एकेक करून, क्रम न मोडता उचलावेत आणि त्याच क्रमाने वहीत नोंदवावेत. या क्रमाचे महत्त्व ओलीच्या डागांवरून सर्वांत चांगले कळते. भिंतीला टेकलेल्या गठ्ठ्यात पाणी एका कोपऱ्यातून शिरते आणि कागदावर तांबूस कडा असलेला डाग ठेवून जाते. लागोपाठच्या अंकांत हा डाग जवळपास त्याच आकाराचा, त्याच कोपऱ्यात, थोडा थोडा लहान होत गेलेला दिसतो. डागाच्या कडा एकाखाली एक जुळल्या, तर हे अंक ओल लागली तेव्हा याच क्रमाने एकत्र होते हे सिद्ध होते. याउलट डागाळलेल्या दहा अंकांच्या मध्ये एखादाच कोरा, स्वच्छ अंक असेल, तर तो नंतर मध्ये सरकवलेला आहे हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. मालकाच्या तोंडी हकिकतीपेक्षा मी या डागावर अधिक विश्वास ठेवतो. आणि म्हणूनच, डाग पडलेले अंक ‘खराब’ म्हणून आधी बाजूला काढणे मला फार खटकते.

घरच्यांना काय विचारावे

मालकीचा इतिहास शेवटी माणसांकडूनच मिळतो. अंक विकत घेणारी व्यक्ती हयात असेल तर तिच्याशी, नसेल तर घरातल्या आत्याशी, काकांशी किंवा आजीशी निवांत बोलावे, आणि परवानगी घेऊन फोनवर आवाज नोंदवून घ्यावा. ‘हे कधीचे आहे?’ असा थेट प्रश्न विचारला की लोक अंदाजाने एखादे साल सांगून मोकळे होतात. त्यापेक्षा आठवणीला खुंटी मिळेल असे प्रश्न विचारावेत. अंक घेतले तेव्हा कोणत्या शाळेत, कितवीत होता? पैसे कोण देत असे? स्टँडवरून आणत होता की महाद्वार रोडवरून? घर कधी बदलले आणि गठ्ठा तेव्हा कोणी उचलला? २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत तो कुठे होता? शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतल्या किंवा व्हीनस कॉर्नरजवळच्या घराला हा शेवटचा प्रश्न विचारल्यावर जे उत्तर मिळते, ते अंकांच्या अवस्थेशी ताडून पाहता येते. नावे, नाती आणि वर्षे लिहून काढल्यावर तो कागद घरच्यांना वाचून दाखवावा, दुरुस्त्या करून घ्याव्यात, आणि त्यांची हरकत नसेल तर सही घ्यावी.

आता ही हकिकत अंकांवरच्या मजकुराशी ताडून पाहावी. नाव, इयत्ता, वाढदिवसाच्या भेटीची तारीख, दोन भावांनी एकाच अंकावर घातलेली आपापली नावे हे सर्व जसे आहे तसे नोंदवावे. भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांचे शिक्के तर फार उपयोगी पडतात. एकाच दुकानाचा शिक्का आणि चढते दाखल क्रमांक असलेले अंक सलग सापडले, तर संग्रहाचा तो भाग दुकान बंद होताना एकगठ्ठा घेतलेला असण्याची दाट शक्यता असते, आणि मग ‘सगळे अंक नवे घेतले’ हे विधान तेवढ्या भागापुरते मागे घ्यावे लागते. त्यात कमीपणा काही नाही. कोल्हापूरच्या मुलांनी कॉमिक्स मुख्यतः भाड्याने आणूनच वाचली, आणि तो शिक्का या शहराच्या वाचनाचाच पुरावा आहे.

अंकाचा काळ ठरवणे

मूळ छपाई आणि पुनर्मुद्रण यांतला फरक न कळल्यामुळे सर्वाधिक फसगत होते. टाइम्स ऑफ इंडियाच्या इंद्रजाल कॉमिक्सची सुरुवात मार्च १९६४ मध्ये झाली आणि १९९० मध्ये ती थांबली. आरंभीचे ३२ अंक वेताळाचे, म्हणजे फँटम या नायकाचे होते. मँड्रेक आणि इतर नायक नंतर आले, आणि आबिद सुरती यांचा बहादूर १९७६ मध्ये अवतरला. अंकाचा साधा क्रमांक ४४३ पर्यंत चालला आणि त्यानंतर खंड व अंक अशी पद्धत आली. ज्याला हे ठाऊक नसते तो पुढचे अंक हाती नाहीत असे समजून संग्रह अपुरा ठरवतो, किंवा खंड-अंकाची जुळणी चुकवून एकच अंक दोनदा नोंदवतो.

अमर चित्र कथेचे प्रकरण अधिक अवघड आहे. अनंत पै यांनी १९६७ मध्ये इंडिया बुक हाउसमार्फत सुरू केलेल्या या मालेतले पहिले दहा क्रमांक कन्नडमध्ये रूपांतरित केलेल्या पाश्चात्त्य परीकथांचे होते, आणि राम वाईरकरांनी चितारलेला ‘कृष्ण’ अकराव्या क्रमांकावर आला. त्यामुळे संग्रह अकरापासून सुरू होत असेल तर पहिले दहा हरवले असे मानू नये. खरी अडचण अशी की लोकप्रिय अंक त्याच मुखपृष्ठासह वारंवार छापले गेले. अशा वेळी चित्रावरून निर्णय न करता किंमत, प्रकाशकाचे नाव आणि पत्ता यांवरून करावा. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर छपाई १५ ऑगस्ट १९७२ नंतरची आहे, कारण पिनकोडच त्या दिवशी सुरू झाला. कोल्हापूरच्या दुकानाच्या शिक्क्यात ४१६ ने सुरू होणारा पिनकोड असेल तर त्या शिक्क्यालाही हीच मर्यादा लागू होते. ‘नये पैसे’ हा शब्द १ जून १९६४ पासून अधिकृत वापरातून गेला, तेव्हा ‘न. पै.’मध्ये किंमत असलेले बालसाहित्य साधारण त्याआधीचे समजावे. ९७८ ने सुरू होणारा तेरा आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, दिसला तर प्रत २००७ च्या आसपासची किंवा त्यानंतरची आहे. अमर चित्र कथेची मालकी इंडिया बुक हाउसकडून एसीके मीडियाकडे गेली तीही २००७ मध्येच.

प्रतीची अवस्था

तपासणी कोरड्या दिवशी, स्वच्छ पांढरा कपडा अंथरलेल्या टेबलावर, हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करून करावी. हातमोजे घालण्याचा आग्रह मला पटत नाही, कारण मोज्यांतून कागदाचा ठिसूळपणा बोटांना जाणवत नाही आणि पान फाटते. खिडकीतून तिरका प्रकाश येत असेल तर उत्तम. घड्या, दाबून सपाट केलेल्या सुरकुत्या आणि मागून चिकटवलेले कागद अशा प्रकाशात लगेच उठून दिसतात.

मुखपृष्ठाचा चकचकीतपणा, कोपरे आणि पाठ पाहून झाल्यावर पिनांकडे यावे. पिना हा अंकाचा सर्वांत बोलका भाग आहे आणि नेमके तिकडेच दुर्लक्ष होते. आपल्या हवेत लोखंडी पिन गंजतेच, आणि तो गंज भोवतीच्या कागदात उतरून तपकिरी वर्तुळ तयार करतो. वर्तुळ आहे पण पिन लखलखीत आहे, किंवा एका पिनेसाठी छिद्रांच्या दोन जोड्या आहेत, असे दिसले तर पिना बदललेल्या आहेत. आणि पिना बदलल्या असतील तर आतली पाने दुसऱ्या प्रतीतली असू शकतात. मग प्रत्येक जोडपानाचा (मधोमध दुमडून पिन मारलेल्या एका कागदाचा) रंग, जाडी आणि कडेचा काप शेजारच्या जोडपानाशी जुळतो का हे पाहावे. मधले जोडपान सुटून हरवलेले असणे हा फार आढळणारा दोष आहे. गोष्ट वाचताना तो पटकन लक्षात येत नाही, म्हणून पाने मोजावीतच, आणि कापून घेतलेले कूपन, सोडवलेले कोडे, रंगवलेले चित्र हेही लिहावे.

कागद पिवळा पडतो तो त्यातल्या लाकडाच्या लगद्यामुळे. त्यातले लिग्निन हे लाकडातले द्रव्य प्रकाश आणि हवेने बदलते, आम्ल तयार होते आणि तंतू तुटू लागतात. पिवळेपणा कडेपुरता आहे की पानाच्या मध्यापर्यंत पोहोचला आहे, आणि पानाचा कोपरा हलकेच वाकवल्यावर तो लवचीकपणे परत येतो की नाही, एवढे दोन निकष घरच्या तपासणीला पुरेसे आहेत. कुबट वास, काळे-हिरवे ठिपके, कसरीने कुरतडलेला पृष्ठभाग आणि वाळवीचे बोगदे या चारही गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात. ‘थोडी खराब’ या शब्दांनी काहीच कळत नाही.

दुरुस्तीची लपवाछपवी पकडण्यासाठी घड्याळजी वापरतात तसले भिंग घ्यावे. जुन्या छपाईत रंग ठिपक्यांच्या नियमित जाळीने बनलेला असतो. स्केचपेनने किंवा रंगाने भरलेल्या जागी जाळी तुटते, आणि शाई बहुधा मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला झिरपलेली दिसते. प्रिंटरवर काढलेल्या नकली मुखपृष्ठात जाळीऐवजी विस्कळीत फवारा दिसतो. फाटक्या कडा सरळ करण्यासाठी अंक कापलेला असेल तर त्याच मालेतल्या दुसऱ्या अंकावर ठेवून मापावा. आपल्याकडे हा प्रकार फसवणुकीपेक्षा प्रेमापोटी अधिक झाला आहे: दहा-बारा अंक एकत्र करून बाइंडरकडे दिले, त्याने तिन्ही कडा छाटल्या, पाठ शिवली आणि पुठ्ठ्यावर सोनेरी नाव टाकले. असे खंड सोडवून अंक सुटे करू नयेत. छाटलेला भाग परत येत नाही, पाठीची छिद्रे आणखी फाटतात, आणि एका घराने जपलेल्या खंडाचा इतिहासही जातो.

परदेशात २००० सालापासून सीजीसी ही संस्था ०.५ ते १० या मोजपट्टीवर गुण देऊन अंक पारदर्शक पेटीत बंद करते, आणि दुरुस्त केलेल्या प्रतींना वेगळ्या रंगाची, जांभळी पट्टी लावते. इंद्रजालच्या मराठी अंकांसाठी आपल्याला आकड्यापेक्षा वर्णनाची गरज आहे, असे माझे ठाम मत आहे. ‘पाठीवर वरून दोन सेंटिमीटर फाट, आतून सेलोटेप, टेपखाली तांबूस डाग, ३२ पैकी ३२ पाने, खालच्या उजव्या कोपऱ्यात ओलीचा डाग, पृष्ठ १ वर निळ्या शाईत नाव’ एवढे लिहिले की घेणाऱ्याला प्रत डोळ्यांसमोर दिसते आणि देणाऱ्यालाही पुढे काही नाकारता येत नाही. जुनी सेलोटेप ओढून काढू नये, इस्त्री फिरवू नये, आणि घरच्या खळीने काहीही चिकटवू नये, कारण कसरीला खळ आवडते.

ठेवण्याची जागा

पीव्हीसीच्या मऊ पिशव्यांतून निघणारे रसायन शाई ओढून घेते, म्हणून पॉलिस्टरची पाकिटे आणि आम्लरहित पुठ्ठा वापरावा. तेवढा खर्च झेपत नसेल तर आम्लरहित कागदात गुंडाळणेही चालते. अंक बाहेरच्या भिंतीला लागून, माळ्यावर पत्र्याखाली किंवा तळमजल्यावर ठेवू नयेत. आतल्या खोलीत, जमिनीपासून उंच, बंद कपाटात आर्द्रतामापक ठेवावा आणि काटा ६० टक्क्यांच्या वर राहू लागला की सिलिका जेल बदलावे. डांबरगोळ्या अंकांच्या पाकिटात टाकण्याची सवय सोडावी. कपाट पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास उघडून प्रत्येक अंक पाहावा आणि वहीतल्या वर्णनात फरक पडला असल्यास तारीख घालून लिहावा.

पुराचे पाणी लागलेच तर वेळ फार थोडा असतो, कारण ओल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. चिकटलेली चकचकीत मुखपृष्ठे ओढून सोडवू नयेत. जेवढे अंक लगेच सुकवता येतील तेवढे टिपकागदात घालून पंख्याच्या वाऱ्यात, सावलीत ठेवावेत आणि कागद वारंवार बदलावा. उरलेले प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवले तर बुरशी थांबते आणि सावकाश काम करता येते. चिखल ओला असताना पुसला की तो तंतूंत शिरतो. पूर्ण वाळल्यावर मऊ ब्रशने झटकावा. किती अंक भिजले, पाणी कुठपर्यंत आले, कोणत्या दिवशी काय केले हे सर्व त्याच वहीत लिहावे. वहीची आणि फोटोंची एक प्रत दुसऱ्या घरी, शक्य तर नदीपासून दूरच्या भागात राहणाऱ्या नातेवाइकांकडे ठेवावी. संग्रह विकला किंवा वाटला गेला तर प्रत्येक भागाबरोबर या नोंदींची झेरॉक्स द्यावी, आणि अंक कोणाकडून कोणाकडे, कोणत्या तारखेला गेले याची पावती साध्या कागदावर का होईना, दोघांच्या सहीने करून ठेवावी.